आमच्या जिल्ह्यात समुद्र नाही

आधीच कबूल करून टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' यात मला अजूनही बोटांवर विचार करावा लागतो. मराठी विभागासाठी लेख दे, असं संपादक मंडळातली ताई म्हणाली तेव्हा मी "टेक्निकल सेक्शनमध्ये देते ना" म्हणून पळ काढायचा प्रयत्न केला. पण ती म्हणाली, "तुझा सेमिनारचाच विषय लिही. घरी आईला समजावून सांगतेस तसा." म्हणून हा प्रयत्न. शुद्धलेखनाच्या चुका सापडल्या तर त्या माझ्या, सापडल्या नाहीत तर ताईच्या कृपेने!

तर, तिसऱ्या वर्षाला सेमिनारचे विषय चिठ्ठ्या टाकून वाटले गेले. मैत्रिणींना मोबाइल टॉवर, सोलर पॅनेल असे सभ्य विषय मिळाले. माझ्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'बदलते युद्ध, बदलते तंत्रज्ञान आणि नौदलाची गुप्तवार्ता'. अख्खा वर्ग हसला. मागच्या बाकावरून आवाज आला, "काय बे, बोर धरणात पाणबुडी सोडते काय?" आमच्या बऱ्याच जणींनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे खरंच बोर धरण. वर्ध्याहून रेल्वेने मुंबई साडेसातशे किलोमीटर. त्यातून गाव गांधीजींचं. इथे बसून मी युद्धाबद्दल काय बोलणार?

पण शोधायला बसले तर पहिला धागा सेवाग्राम आश्रमातच सापडला. घरून पाहुणे आले की आपण सगळेच त्यांना आश्रमात नेतो. तिथे बापूंच्या कार्यालयात एक जुना टेलिफोन जपून ठेवला आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना बापूंशी थेट संपर्क ठेवता यावा म्हणून सरकारने तो बसवला होता. म्हणजे जगातलं एक मोठं साम्राज्य आणि शेणाने सारवलेली एक झोपडी यांच्यामध्ये एक तार होती! मला तेव्हा वाटून गेलं, की समुद्र असो की खेडं, समोरचा काय करतोय हे कळण्याची गरज सगळ्यांना असते. गुप्तवार्ता म्हणजे एवढंच. सिनेमातला काळा गॉगल त्यात नसतो.

दुसरा धागा व्हायवात सापडला. बाहेरच्या सरांनी विचारलं, "स्किन डेप्थचा उपयोग काय?" मी सूत्र सांगितलं, उपयोग सांगता आला नाही. मग सेमिनारच्या निमित्ताने कळलं, की खारं पाणी वीजवाहक असल्यामुळे रेडिओ लहरी त्यात फार खोल जात नाहीत. फ्रिक्वेन्सी जितकी जास्त, तितकी लहर लवकर मरते. पाण्याखालच्या पाणबुडीला निरोप द्यायचा तर ३ ते ३० किलोहर्ट्झची अगदी मंद लहर लागते. त्यातही दर दोन-एक मीटरला तिची ताकद तिसऱ्या हिश्श्याच्या जवळ येते. अशा लहरीसाठी प्रचंड मोठे अँटेना आणि भरपूर जागा हवी. नौदलाचं असं एक केंद्र तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ आहे आणि दुसऱ्याची पायाभरणी ऑक्टोबर २०२४ मध्ये तेलंगणातल्या विकाराबाद जिल्ह्यात झाली. विकाराबादला समुद्र आहे का? आपल्याइतकाच! म्हणजे नौदल फक्त समुद्रात नसतं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता थोडा इतिहास. बहिर्जी नाईकांचं नाव तुम्हाला चौथीच्या पुस्तकामुळे पाठ असेल. आमच्या शाळेचा बोर्ड वेगळा असल्यामुळे मला ते आजोबांकडून ऐकावं लागलं. पण सेमिनारमध्ये सगळ्यांना आवडली ती १९७१ ची गोष्ट. आपली विमानवाहू नौका 'विक्रांत' बुडवायला पाकिस्तानने 'गाझी' नावाची पाणबुडी बंगालच्या उपसागरात पाठवली होती. विक्रांत होती अंदमानकडे. पण पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी असा देखावा केला, की जणू ती विशाखापट्टणमच्या आसपासच आहे. 'राजपूत' ही जुनी विनाशिका बाहेर काढून विक्रांतच्या नावाने वायरलेसवर भरपूर बोलणं सुरू ठेवलं. बाजारात मोठ्या प्रमाणात मांस-भाजीची मागणी नोंदवली. एवढंच काय, एका खलाशाने आईच्या तब्येतीची चौकशी करणारी साधी तारही पाठवली, कोणीही वाचावी अशी. गाझी विशाखापट्टणमजवळ आली आणि ३ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास तिथेच बुडाली. ती कशी बुडाली यावर दोन्ही देशांचं म्हणणं वेगळं आहे, पण ती तिथे सापडली ही गोष्ट खरी.

भाजीची ऑर्डर हे शस्त्र! हे आपल्या मेसच्या काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "त्यात काय नवल? दुधाच्या पिशव्या पाहून मी सांगतो, किती पोरी घरी पळाल्या." खरंच आहे. होस्टेलमधलं सगळं त्यांना माहीत असतं. कोणाचे पेपर बिघडले, कोणाचं भांडण झालं, कोण उपास सोडून कॅन्टीनला जातं. त्यांना कोणी काही सांगत नाही. त्या फक्त ताटं मोजतात.

आता दुसरी गोष्ट, दुःखाची. फेब्रुवारी १९९३ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरलं आणि १२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोट झाले. पंधरा वर्षांनी, २००८ मध्ये, पुन्हा समुद्रच. दहा अतिरेक्यांनी पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी बोट पळवली, तिच्यावरच्या लोकांना मारलं आणि २६ नोव्हेंबरच्या रात्री रबरी होडीतून कफ परेडच्या मच्छीमार वस्तीपाशी उतरले. समुद्रमार्गे हल्ला होऊ शकतो अशा सूचना त्या आधी यंत्रणांकडे आलेल्या होत्या. वस्तीतल्या लोकांनी ही अनोळखी पोरं पाहिली होती, विचारणाही केली होती, धड उत्तर मिळालं नाही. म्हणजे वरच्या टोकाला माहिती होती आणि खालच्या टोकाला डोळे होते. मधली तार जुळलेली नव्हती. १६६ माणसं गेली.

मी हा भाग वाचत होते तेव्हा आमच्या होस्टेलमध्ये एक गंमत उघडकीला आली. एक मुलगी (नाव सांगणार नाही, ती माझ्या शेजारीच बसली आहे) गेटच्या रजिस्टरप्रमाणे चार दिवस गावी होती आणि मेसच्या रजिस्टरप्रमाणे त्याच चार दिवसांत दोन्ही वेळा जेवत होती! तिने मैत्रिणीला आपल्या नावावर सही करायला सांगितलं होतं. दोन्ही रजिस्टरं आपापल्या जागी बरोबर. फक्त ती दोन्ही एका टेबलावर कधी ठेवलीच नव्हती.

२६/११ नंतर देशाने नेमकं हेच टेबल मांडायचं ठरवलं. २००९ मध्ये किनाऱ्यासकट सगळ्या सागरी सुरक्षेची मुख्य जबाबदारी नौदलाकडे आली. किनाऱ्यावर रडारांची साखळी उभी राहिली, बऱ्याच ठिकाणी दीपगृहांवरच. नौदल आणि तटरक्षक दलाची ५१ ठाणी जोडून गुरुग्रामला एक केंद्र झालं. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्याचं उद्घाटन तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी केलं. स्वतः आयआयटीचे इंजिनिअर असलेले पर्रीकर तेव्हा नुकतेच गोव्याहून दिल्लीला गेले होते. २०१८ मध्ये मित्रदेशांचे अधिकारीही येऊन बसतील असं दुसरं केंद्र तिथेच सुरू झालं. दळणवळणासाठी २०१३ चा 'रुक्मिणी' उपग्रह होता. आता नोव्हेंबर २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून साधारण ४,४०० किलोचा नवा उपग्रह नौदलाच्या दळणवळणासाठी गेला.

मग प्रश्न सुटला का? नाही, कारण समोरचाही शिकतो. मोठी जहाजं एआयएस नावाच्या यंत्रातून आपलं नाव, जागा आणि वेग सतत सांगत असतात. पण ते सगळं जहाज स्वतःच सांगतं, म्हणजे मेसमधल्या सहीसारखंच! जून २०२१ मध्ये 'डिफेंडर' ही ब्रिटिश युद्धनौका क्रिमियातल्या सेवास्तोपोलजवळ गेल्याचं एआयएसवर दिसत होतं. त्याच वेळी ओडेसा बंदरावरच्या साध्या वेबकॅममध्ये ती धक्क्याला बांधलेली दिसत होती. कोणीतरी खोटे सिग्नल सोडले होते. डिसेंबर २०२३ मध्ये पोरबंदरपासून साधारण २०० सागरी मैलांवर 'केम प्लूटो' या तेलवाहू जहाजावर ड्रोन येऊन आदळलं. खलाशी जवळजवळ सगळे भारतीय होते. सुदैवाने ते वाचले आणि जहाज मुंबईला आणलं गेलं. आता शत्रूला पाणबुडीच लागते असं नाही. आमच्या प्रोजेक्ट लॅबमध्ये असतात तसल्या मोटर, बॅटरी, जीपीएसच्या थोड्या मोठ्या भावंडांवर त्याचं काम होतं.

आणि सगळ्यात स्वस्त हत्यार म्हणजे गोड बोलणं. डिसेंबर २०१९ मध्ये नौदलाच्या सात जणांना हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली. सोशल मीडियावर ओळख काढून त्यांच्याकडून जहाजांची माहिती काढली गेल्याचा आरोप होता. त्याच महिन्यात नौदलाने तळांवर आणि जहाजांवर स्मार्टफोन आणि फेसबुक, व्हॉट्सॲपवर बंदी घातली. हा मुद्दा मी स्लाइडवर टाकला तेव्हा मनात म्हटलं होतं, "शिकलेली माणसं अशी कशी फसतात?"

आता माझी गोष्ट.

माझं घर पुलगावला. वर्धेकरांना सांगायला नको, पुलगाव म्हटलं की दारूगोळ्याचं भांडार. बाबा संरक्षण खात्यात सिव्हिलियन कर्मचारी आहेत. ते काय काम करतात हे मला आजही नीट माहीत नाही. घरी कधी बोलत नाहीत. लहानपणी मला वाटायचं, त्यांचं काम बोअरिंग असेल म्हणून बोलत नाहीत. ३०-३१ मे २०१६ च्या मध्यरात्री भांडारात आग लागली तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. खिडक्यांचा आवाज, लाल झालेलं आकाश आणि आईने घट्ट धरलेला हात एवढंच आठवतं. आग विझवायला गेलेले जवान परत आले नाहीत. बाबा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आले, हातपाय धुतले, जेवले आणि काहीही न बोलता झोपले.

सेमिनारचा विषय मिळाल्यावर मी मोठ्या उत्साहाने लिंक्डइनवर टाकलं, की मी नौदलाच्या गुप्तवार्तेवर अभ्यास करतेय, पुलगावची आहे आणि संरक्षण कर्मचाऱ्याची मुलगी असल्याचा मला अभिमान आहे. आठवड्याभरात एका मॅडमचा मेसेज आला. एका संशोधन संस्थेत आहेत म्हणे. इंग्रजी इतकं छान, की मला आमच्या शाळेतल्या सिस्टर आठवल्या. घरबसल्या इंटर्नशिप, महिना आठ हजार. होस्टेलच्या मुलीला आठ हजार म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको!

पहिलं काम सेमिनारचा सारांश. दोन हजार रुपये लगेच आले. दुसरं काम, 'छोट्या गावाची अर्थव्यवस्था'. दुकानं कोणती, गर्दी किती वाजता होते, लोक कामावर कधी जातात-येतात. मी चार पानं लिहिली. त्यांनी माझ्या निरीक्षणशक्तीचं कौतुक केलं. तिसरं काम दिवाळीच्या सुटीतलं होतं. स्टेशनवरून जाणाऱ्या मालगाड्या दहा दिवस मोजायच्या, डबे उघडे की बंद, कुठे थांबतात. 'लॉजिस्टिक्स डेटा' म्हणे.

मी गच्चीवर वही घेऊन बसले होते. बाबा तुळशीजवळचे दिवे लावून वर आले. वही पाहिली. "कोणासाठी मोजून राहिली, बेटा?" मी सगळं सांगितलं, अगदी अभिमानाने. ते पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसले. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "यातली एक तरी गोष्ट लपलेली आहे का? नाही. रस्त्यावरचा माणूसही सांगेल. म्हणूनच तुला विचारलं."

मला भाजीची ऑर्डर आठवली. मेसच्या काकू आठवल्या. पंधरा दिवसांपूर्वी वर्गासमोर जे मी स्लाइडवर दाखवलं होतं, तेच मी करत होते, आणि मला कळलं नव्हतं.

बाबांनी कपडे बदलले आणि त्याच संध्याकाळी त्यांच्या साहेबांकडे गेले. लक्ष्मीपूजनाचा दिवस होता. आई म्हणाली, "उद्या गेले तर नाही चालणार? नाही तर सांगताच कशाले? तिला बंद करायला सांगा, झालं." आईचं चुकीचं नव्हतं. बाबांच्या नोकरीची अजून काही वर्षं बाकी आहेत आणि माझी फी त्याच पगारातून जाते. बाबा म्हणाले, "आज नाही सांगितलं, तर मग कधीच सांगता येणार नाही."

पुढे माझा जबाब झाला. फोन अकरा दिवस जमा होता. बाबांची चौकशी दोन महिने चालली. त्या दोन महिन्यांत बाबा घरी एकदाही माझ्यावर ओरडले नाहीत. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं. चौकशी शेवटी काही न निघता बंद झाली. त्या मॅडमचं प्रोफाइल तर मी उत्तर द्यायचं बंद केल्याबरोबर गायब झालं. त्या कोण होत्या, खरंच संशोधक होत्या की आणखी कोणी, मला आजही माहीत नाही. कदाचित माझी चार पानं कोणाच्याच कामाची नसतील. जबाब घेणाऱ्या मॅडम एक गोष्ट मात्र बोलल्या, "बरं झालं लवकर सांगितलंस. बहुतेक जण घाबरून गप्प बसतात. मग समोरचा त्याच भीतीचा उपयोग करून पुढचं काम करून घेतो."

सेमिनारच्या शेवटच्या स्लाइडवर मी 'भविष्यात काय करावे' म्हणून उपग्रह, ड्रोन, एआय अशी यादी दिली होती. सरांनी दहापैकी आठ दिले. आज ती स्लाइड पुन्हा करायची झाली तर मी क्रम बदलेन.

उपग्रह, पाण्याखालचे सेन्सर, हजारो बोटींमधून विचित्र वागणारी एक बोट ओळखणारा प्रोग्रॅम, हे सगळं लागेलच. आपल्यापैकी काही जण उद्या तेच बनवतील. पण यंत्र जे सांगतं ते दुसऱ्या डोळ्याने तपासायची सवयही लागेल, ओडेसाच्या वेबकॅमसारखी. आणि समुद्रावरचा दुसरा डोळा म्हणजे आपला कोळी बांधव. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरच्या कार्यक्रमात मासेमारी बोटींवर इस्रोने बनवलेले एक लाख ट्रान्सपाँडर बसवायची योजना सुरू झाली. चांगलं आहे. पण ते यंत्र फक्त बोटीवर लक्ष ठेवायला आहे असं नाखव्याला वाटलं, तर तो ते बंदच ठेवेल. तेच वादळाचा इशारा देतं, मदत मागायला उपयोगी पडतं, आणि आपण काही कळवलं तर कोणीतरी ऐकून घेतं, हा अनुभव आला तर तो स्वतःहून बोलेल. सागरी पोलिसांचा १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे नंबर आहेतच. नंबर असणं आणि तो लावावासा वाटणं यात फरक असतो.

आणि स्लाइडवर पहिल्या क्रमांकावर मी हे लिहीन, की चूक सांगणाऱ्याला वाट ठेवा. खलाशी असो, कारकून असो, नाही तर त्याची वीस वर्षांची मुलगी असो. चूक झाल्यावर पहिल्या दिवशी सांगितलं तर माणूस संपणार नाही, याची खात्री त्याला हवी. घरच्यांनाही हे शिकवायला हवं, कारण आता जहाजाची खबर जहाजावरूनच निघते असं नाही. ती पुलगावच्या गच्चीवरूनही निघू शकते. नौदल फक्त समुद्रात नसतं, असं मी वर लिहिलं ते यासाठी.

मित्रमैत्रिणींनो, इंटर्नशिपचे मेसेज तुम्हालाही येतात. सगळेच खोटे नसतात, आणि घाबरून घरी बसा असंही मी म्हणत नाही. कोणी तुमच्या हुशारीचं फार लवकर कौतुक करून फार साध्या गोष्टी विचारायला लागला, तर रूममेटला दाखवा, सरांना दाखवा. हसतील तर हसू द्या.

हा लेख छापायला देण्याआधी मी सुटीत घरी नेऊन बाबांना वाचून दाखवला. वाटलं होतं, नकोच म्हणतील. त्यांनी चष्मा लावून स्वतः पुन्हा वाचला. म्हणाले, "छापू दे. पोरांच्या कामाचं आहे." मग पेन घेऊन दोन वाक्यं खोडली. मी म्हटलं, "बाबा, यात काय आहे? हे तर सगळ्यांनाच माहीत आहे!"

ते फक्त हसले. वाक्यं कोणती, ते कृपया मला होस्टेलमध्ये विचारू नका.

(तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन)